सहा चौकोनांचा आकाशकंदील

दिवाळी येते ती अमावास्येला, आणि नाताळ येतो तो हिवाळ्याच्या लांब रात्रींत. म्हणून या दोन्ही सणांस दाराशी दिवा टांगण्याची चाल आमच्या विद्यार्थ्यांच्या घरोघर आहे. परंतु ज्या घरी सणाचे तेल, साखर आणि मुलांचे कपडे यांचीच जुळवाजुळव कष्टाने होते, तेथे बाजारच्या कंदिलाचा खर्च सर्वांच्या आधी कापला जातो. आमचे म्हणणे असे की, खर्च कापावा, पण कंदील कापू नये. थोड्या कामट्या, दोरा, पाच-सहा ताव पतंगी कागद आणि वाटीभर खळ एवढ्या सामग्रीवर दहा-बारा वर्षांच्या मुलास तो घरी करिता येतो, आणि नीट केला तर तो बाजारच्या प्लास्टिकच्या कंदिलाहून अधिक शोभतो.

प्रथम कामट्या. बुरुडाकडून त्या चिरून आणाव्यात. कोयता चालविणे हे मुलांचे काम नव्हे. कामटी पेन्सिलीच्या निम्म्या जाडीची असावी व तिच्या कडा काचकागदाने घासून घ्याव्यात, नाहीतर कुसे बोटांत शिरतात. प्रत्येकी ६ इंच लांबीचे २४ तुकडे करावेत, म्हणजे एकंदर १२ फूट कामटी लागेल. तुकडे हुबेहूब सारखे पाहिजेत. येथे केलेली हयगय पुढे कोणत्याही कौशल्याने झाकत नाही.

आता चार-चार तुकडे बांधून सहा चौकोन करावेत. एक चौकोन जमिनीवर आडवा ठेवून त्याच्या प्रत्येक कोपऱ्यास दुसऱ्या एकेका चौकोनाचा कोपरा बांधावा, म्हणजे हे चार चौकोन पतंगासारखे टोकावर उभे राहतील. त्यांचे शेजारशेजारचे कोपरे एकमेकांस बांधावेत, आणि वर उरलेल्या चार टोकांवर सहावा चौकोन बसवावा. चौकोनांच्या मधून आठ त्रिकोण आपोआप निर्माण झालेले दिसतील. त्यांकरिता एकही निराळी कामटी लागत नाही, हे पाहून मुलांस मोठी मौज वाटते.

परंतु मौज फार वेळ टिकत नाही. सांगाडा उचलताच तो एका बाजूस कलतो, पिळवटतो, आणि कित्येक मुले येथेच निराश होऊन काम टाकून देतात. दोष त्यांच्या हातांचा नाही. तीन कामट्यांचा त्रिकोण दाबला तरी आपला आकार सोडीत नाही. चार कामट्यांचा चौकोन मात्र लगेच तिरपा होतो. ताठ सांगाड्यास किमान किती दांड्या हव्यात याचा हिशेब असा आहे: सांध्यांच्या संख्येची तिप्पट करावी व तीतून सहा वजा करावेत. आपल्या कंदिलास सांधे १२. म्हणून दांड्या ३० हव्यात, आणि आहेत २४. उणीव सहांची, आणि चौकोनही सहाच! तेव्हा प्रत्येक चौकोनास एकेक कर्ण मिळाला की कंदील ताठ उभा राहिलाच पाहिजे. कर्णाची लांबी सुमारे साडेआठ इंच येते. भूमितीच्या तासास कर्णाचा उपयोग काय असे विचारणाऱ्यांनी हा सांगाडा एकदा हाती धरून पाहावा.

सहाही कर्ण कामट्यांचे घालण्याचे मात्र कारण नाही. बाजूंच्या चार चौकोनांवर कागद चिकटावयाचा असतो, आणि ताणून चिकटविलेला कागदच तेथे कर्णाचे काम करितो. वरचा व खालचा चौकोन उघडा राहतो. त्या दोहोंस मात्र तिरपी कामटी बांधावी. याचसाठी कागद लावताना आधी चौकोन व मागाहून त्रिकोण असा क्रम ठेवावा, आणि प्रत्येक चौकोन पुस्तकाच्या कोपऱ्याशी लावून काटकोनात धरावा.

चौकोनांसाठी ७ इंच बाजूचे व त्रिकोणांसाठी पावणेआठ इंच बाजूचे तुकडे कापले असता दुमडण्यास सर्वत्र अर्धा इंच कड मिळते. खळ मैद्याची, पातळ शिजवलेली असावी. कीड लागू नये म्हणून पूर्वी तीत मोरचूद घालीत. तो विषारी असल्यामुळे मुलांनी त्याच्या वाटेस जाऊ नये. पांढरा पतंगी कागद चिकटून वाळल्यावर त्यावर पाण्याचा हलका शिपका दिला, तर पुन्हा वाळताना तो अधिक ताणला जातो. रंगीत कागदाचा रंग फुटतो, त्यावर हा प्रयोग करू नये. रंगांची निवड ज्याची त्याने करावी. सोनेरी कागदाची चैन मात्र आम्हांस पसंत नाही, कारण तो उजेड अडवितो. खाली झिरमिळ्या लावाव्यात. आत पणती किंवा मेणबत्ती ठेवू नये, एल्.ई.डी.चा लहान दिवा वरच्या कर्णास बांधावा आणि विजेची जोडणी वडील माणसाने करावी.

आता नाताळची गोष्ट. जर्मनीतील नीस्की या गावी मोरेव्हियन मंडळीची शाळा होती. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भूमितीचा पाठ म्हणून मुले कागदाचे सुळके जोडून तारे करीत. त्या ताऱ्यांस पुढे मोठी कीर्ती मिळाली, आणि जवळच्या हेर्नहूट गावी ते आजही तयार होतात. त्यांच्या प्रसिद्ध नमुन्याच्या गाभ्यास १८ चौकोन व ८ त्रिकोण असतात. एक चौकोन टांगण्यासाठी सोडून बाकीच्या २५ बाजूंवर सुळके बसवितात. आपला कंदील ६ चौकोनांचा व ८ त्रिकोणांचा, म्हणजे त्या ताऱ्याचा धाकटा भाऊच म्हणावयाचा.

म्हणून दिवाळी सरल्यावर सांगाडा मोडू नये. ओल्या फडक्याने भिजवून जुना कागद सोलून काढावा व बाजूंच्या चौकोनांसही आता कामटीचे कर्ण बांधावेत, कारण सुळके बसेपर्यंत त्यांस कागदाचा आधार राहत नाही. मग चित्रकलेच्या जाड कागदाचे सुळके करावेत; सुळक्याच्या प्रत्येक बाजूचा पाया ६ इंच व उंची ९ इंच धरावी. चौकोनांवर चार बाजूंचे पाच आणि त्रिकोणांवर तीन बाजूंचे आठ, असे १३ सुळके लागतात. वरचा चौकोन दिव्यासाठी उघडा ठेवावा. रोज दोन सुळके केले तर आठवड्याभरात तारा पुरा होतो; खालचा सुळका मात्र सर्वांच्या शेवटी चिकटवावा, नाहीतर काम करताना तारा टेकविण्यास जागाच उरत नाही.