जुन्या स्पेक्ट्रोमीटरमधून रॉ डेटा कसा काढायचा?

बऱ्याच लॅबमध्ये एक जुना स्पेक्ट्रोमीटर असतो आणि त्याच्या शेजारी विंडोज एक्सपीवर चालणारा एक कॉम्प्युटर. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला, पण मशीनचं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चढत नाही, म्हणून तो कॉम्प्युटर तसाच चालू ठेवलेला असतो. पीएचडीला लागलात की आज ना उद्या तुम्हीही त्याच्यासमोर बसणार. तेव्हा एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा: स्क्रीनवर दिसणारा ग्राफ सॅम्पलने दिलाय की सॉफ्टवेअरने? व्हायव्हात हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारण्याआधी उत्तर तुमच्याकडे असलेलं बरं.

रॉ डेटा म्हणजे नेमकं काय?

उदाहरणासाठी ओशन ऑप्टिक्सचा यूएसबी२००० घेऊ. आत एक ग्रेटिंग आणि २०४८ पिक्सेलचा सीसीडी डिटेक्टर आहे. प्रत्येक पिक्सेलवर पडलेल्या प्रकाशाचा १२ बिटचा आकडा होतो, म्हणजे ० ते ४०९५ काउंट. हे २०४८ आकडे म्हणजेच रॉ डेटा. त्यात तरंगलांबी नाही, अ‍ॅब्सॉर्बन्सही नाही. ते सगळं नंतर गणिताने येतं.

ते गणित असं: सॅम्पलच्या आणि रेफरन्सच्या काउंटमधून डार्क (दिवा झाकून घेतलेलं रीडिंग) वजा करायचं, दोन्हींचं गुणोत्तर काढायचं आणि त्याचा ऋण लॉग घ्यायचा. समजा रेफरन्स ३६००, डार्क १०० आणि सॅम्पल १३५ काउंट आहे. म्हणजे ३५ भागिले ३५००, अ‍ॅब्सॉर्बन्स २.००. आता डार्क वजा केलंच नाही तर? उत्तर येतं १.४३! डार्क फक्त १० काउंटने जास्त धरलं, तरी २.१४ येतं. उलट सॅम्पल १८५० काउंट असेल, तर अ‍ॅब्सॉर्बन्स ०.३०, आणि डार्कमधल्या त्याच १० काउंटने तो जेमतेम ०.००१ ने बदलतो.

म्हणजे गडद सॅम्पलचं सगळं भवितव्य त्या डार्कवर अवलंबून असतं. आणि डार्क इंटिग्रेशन टाइम आणि तापमानाप्रमाणे बदलतं. फाइलमध्ये फक्त अ‍ॅब्सॉर्बन्स सेव्ह असेल, तर कोणतं डार्क वापरलं हे नंतर कधीच कळत नाही.

दुसरा चोर म्हणजे स्मूदिंग. 'बॉक्सकार ५' म्हणजे दोन्ही बाजूंचे पाच-पाच पिक्सेल धरून ११ पिक्सेलची सरासरी. २०० ते ८५० नॅनोमीटरच्या रेंजमध्ये एक पिक्सेल साधारण ०.३२ नॅनोमीटरचा, म्हणजे ही सरासरी ३.५ नॅनोमीटरवर पसरते. ग्राफ देखणा होतो, पण अरुंद पीक बुटका आणि रुंद होतो. स्मूदिंग नंतर केव्हाही करता येतं, एकदा सेव्ह झालेलं काढता येत नाही.

स्वतःचं सॉफ्टवेअर: कुठून सुरुवात?

१. आधी जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कची पूर्ण कॉपी काढा. ती डिस्क गेली तर लॅबचा अनेक वर्षांचा डेटा जाईल. गाइडना सांगून, परवानगी घेऊनच हात लावा.

२. नवा प्रोग्रॅम वेगळ्या कॉम्प्युटरवर लिहा. एकाच कॉम्प्युटरवर यूएसबी ड्रायव्हर बदलला, तर कंपनीच्या सॉफ्टवेअरला मशीन दिसेनासं होऊ शकतं. जुनी व्यवस्था चालू असली, तरच तुलना करता येईल.

३. या मशीनसाठी पायथनमध्ये 'सीब्रीझ' ही मोफत लायब्ररी आहे. काउंट वाचताना डार्क करेक्शन आणि नॉनलिनिअ‍ॅरिटी करेक्शन असे दोन पर्याय असतात. दोन्ही बंद ठेवा.

४. पिक्सेलवरून तरंगलांबी काढायला तिसऱ्या घाताची बहुपदी लागते. तिचे चार सहगुणक मशीनच्याच मेमरीत साठवलेले असतात. ते वाचून फाइलमध्ये लिहून ठेवा.

तुमचं मशीन याहून जुनं, सीरियल पोर्टचं असेल, तर आधी मॅन्युअलची मागची पानं चाळा. कमांडची यादी बहुधा तिथेच असते. यूएसबी-टू-सीरियल केबल आणि पायथनची 'पायसीरियल' लायब्ररी घ्या. बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट ही जोडी खूप ठिकाणी दिसते, पण गृहीत धरू नका. मॅन्युअल हरवलं असेल, तर जुनं सॉफ्टवेअर चालू असताना पोर्ट मॉनिटर लावून कोणती कमांड जाते आणि काय उत्तर येतं ते नोंदवा.

आकडे आले. पण बरोबर आहेत का?

प्रोग्रॅम एरर न देता चालला, एवढ्यावर खूश होऊ नका. तीन तपासण्या करा.

पहिली, तरंगलांबीची. फायबर साध्या ट्यूबलाइटकडे धरा (एलईडी नको, जुनी पाऱ्याची). पाऱ्याच्या रेषा ४३५.८ आणि ५४६.१ नॅनोमीटरला दिसायला हव्यात. दोन नॅनोमीटर सरकलेल्या असतील, तर मेमरीतले सहगुणक आता जुने झालेत. मशीन हलवताना किंवा आपटल्याने असं होऊ शकतं.

दुसरी, काउंटची. एकच सॅम्पल, तोच इंटिग्रेशन टाइम, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये स्मूदिंग बंद. दोन्हीकडचे काउंट एकावर एक ठेवा. सगळीकडे सारखाच फरक आला, तर जुनं सॉफ्टवेअर न सांगता काहीतरी वजा करतंय असं समजा. ग्राफचा माथा ४०९५ वर सपाट दिसला, तर डिटेक्टर सॅच्युरेट झालाय. इंटिग्रेशन टाइम कमी करा.

तिसरी, अ‍ॅब्सॉर्बन्सची. पोटॅशियम परमँगनेटची पाच-सहा डायल्युशन करा आणि ५२५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पीकवर अ‍ॅब्सॉर्बन्स विरुद्ध कॉन्सन्ट्रेशन काढा. बिअर-लॅम्बर्ट नियमाप्रमाणे सरळ रेषा यायला हवी. जिथे ती वाकायला लागते, ती तुमच्या मशीनची मर्यादा. त्याच्या वरचे आकडे थीसिसमध्ये घालू नका, मग ते कितीही सोयीचे असोत.

काय सेव्ह करायचं?

प्रत्येक मोजमापासाठी सॅम्पल, रेफरन्स आणि डार्क हे तिन्ही वेगळे काउंट. सोबत इंटिग्रेशन टाइम, किती स्कॅनची सरासरी, चार सहगुणक, मशीनचा सीरियल नंबर, तारीख-वेळ आणि वापरलेला दिवा. साधी टेक्स्ट फाइल पुरे. ती 'रीड ओन्ली' करून टाका आणि सगळं गणित तिच्या कॉपीवर करा.

हे सगळं करायला वेळ लागतो, आणि त्या दिवसांत एकही नवा रिझल्ट हाती येत नाही. पण रेफरीने उद्या वेगळ्या पद्धतीने बेसलाइन काढायला सांगितली, तर हे तीन काउंट असले की काम कॉम्प्युटरवर संध्याकाळपर्यंत होतं. नसले तर सॅम्पल पुन्हा बनवावं लागतं, आणि तोपर्यंत ते जुनं मशीन चालू असेल याची खात्री कुणी द्यायची?