जवान परदेशी, संसार घाटकोपरला

जवान परदेशी मोहिमेवर जातो, तेव्हा बायको-मुले मागेच राहतात. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत शांतिसेना गेली, तेव्हाही हेच घडले. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामास्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तेथे शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. शौर्याचा गौरव झालाच पाहिजे. पण मागे एकटीने घर ओढणाऱ्या पत्नीचे काय?

घाटकोपर-मुलुंडच्या चाळींतील भगिनींना आम्ही सांगतो: नवऱ्याने पैसे पाठवणे बंद केले, तर रडत बसू नका. लष्कर कायदा, १९५० च्या कलम ९० व ९१ प्रमाणे बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून कपात करता येते. कमांडिंग ऑफिसरकडे लेखी अर्ज करा, पोच जपून ठेवा. ही भीक नव्हे, कायद्याने दिलेली वाट आहे.