व्हेरिएबल पाठवायचं की नुसती त्याची किंमत?

दोन लांबलचक याद्यांतल्या आकड्यांची ओळीनं बेरीज करायची आहे. 'अ' आणि 'ब' या दोन याद्या, आणि त्या किती लांब आहेत हे सांगणारं 'न' नावाचं एक साधं व्हेरिएबल. हे काम सीपीयूवर चालतं तेव्हा 'न'कडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर त्याला रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेल्या मोजक्या जागांपैकी एकीत, बसवतो. त्याची किंमत आधीच ठरलेली आहे असं सिद्ध करता आलं, तर व्हेरिएबल काढून तिथं थेट आकडा लिहितो. ही विद्या जुनी आहे. गॅरी किल्डॉल यांनी १९७३ साली तिला गणिती चौकट दिली. मुंबईच्या आयआयटीतले उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह २००९मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला.

तोच लूप, म्हणजे त्याच बेरजेच्या फेऱ्या, जीपीयू या हजारो कामं एकाच वेळी करणाऱ्या चिपवर पाठवला की मात्र 'न' डोकेदुखी होतो.

महासंगणकांतल्या बहुतेक जीपीयूंची मेमरी सीपीयूच्या मेमरीपेक्षा वेगळी असते. पुण्याच्या सी-डॅकमधल्या 'परम सिद्धी-एआय' महासंगणकात एनव्हिडियाचे ए१०० जीपीयू आहेत. ४० जीबीच्या ए१००ची स्वतःची मेमरी सेकंदाला सुमारे १,५५५ जीबी माहिती पुरवते. सीपीयूकडून येणारी सोळा पदरी पीसीआय एक्सप्रेस ४.० वाट एका दिशेनं सेकंदाला जेमतेम ३२ जीबी नेते. म्हणजे जवळजवळ पन्नास पटींचा फरक. काय न्यायचं आणि काय परत आणायचं, हा हिशेब त्यामुळे चोख हवा.

प्रोग्रॅममधलं काम वाटून देण्याच्या ओपनएमपी या प्रमाणपद्धतीची ४.० ही आवृत्ती जुलै २०१३मध्ये आली. लूपच्या डोक्यावर एक सूचना लिहिली की तो भाग जीपीयूकडे जाऊ लागला. कोणत्या व्हेरिएबलचं काय करायचं हे प्रोग्रॅमरनं सांगितलं नाही, तर ते जाताना न्यायचं आणि येताना परत आणायचं, असा नियम होता. बिचाऱ्या 'न'लाही तोच लागू. चार बाइटांची ने-आण फार महाग नव्हती. खरा तोटा वेगळाच होता. 'न'ला आता जीपीयूच्या मेमरीत एक पत्ता मिळाला होता, आणि पत्ता असलेल्या गोष्टीपर्यंत हजारो थ्रेड्स, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, पोहोचू शकतात. 'अ' यादीत लिहिताना चुकून 'न'वरच तर लिहिलं जात नाही ना, हे कंपायलरला छातीठोकपणे सांगता येईना. सांगता येत नसेल, तर प्रत्येक फेरीला मेमरीत जाऊन 'न' पुन्हा वाचणं आलं.

नोव्हेंबर २०१५च्या ४.५ आवृत्तीनं हा नियम उलटवला. सुटं, एकेकटं व्हेरिएबल असेल तर फक्त त्याची किंमत पाठवायची आणि तिची खासगी प्रत द्यायची. मूळ पत्त्याशी संबंध संपला, आणि कंपायलरचे हात मोकळे झाले.

अर्थात तेही पूर्ण नाहीत, कारण किंमती ठेवायच्या रजिस्टरांची संख्या मर्यादित. ए१००च्या प्रत्येक मल्टिप्रोसेसरमध्ये, म्हणजे त्याच्या एकेका गणन-विभागात, ६५,५३६ रजिस्टरं असतात, आणि तिथं एका वेळी २,०४८ थ्रेड्स राहू शकतात. भागाकार केला तर एकाच्या वाट्याला ३२ येतात. प्रत्येक थ्रेडनं ६४ घेतली की निम्म्याच थ्रेड्सना जागा उरते. जीपीयू तर एक थ्रेड मेमरीची वाट पाहत असताना दुसऱ्याला कामाला लावून वेळ भरून काढतो. थ्रेड्स कमी झाले की हीच युक्ती लंगडी पडते. म्हणून कधीकधी एखादी किंमत जपून ठेवण्यापेक्षा पुन्हा काढलेली स्वस्त पडते. सीपीयूसाठी घडलेल्या कंपायलरांना ही काटकसर नव्यानं शिकावी लागली.

नव्या नियमानं एक घोळही घातला. लूपमधून सगळ्या आकड्यांची एकूण बेरीज काढायची असेल, तर ती साठवणारं व्हेरिएबलही सुटंच. जीपीयूनं त्याच्या प्रतीत बेरीज केली आणि काम संपल्यावर प्रत टाकून दिली. सीपीयूकडे जुनाच आकडा, आणि चूक झाल्याचा संदेशही नाही! नोव्हेंबर २०१८च्या ५.० आवृत्तीनं अशा बेरजांसाठी परत आणण्याचा अपवाद ठरवला. माझ्या मते २०१५चा बदल योग्यच होता. पण हा अपवाद त्याच वेळी यायला हवा होता.

ग्लोबल व्हेरिएबलांची गोष्ट आणखी नाजूक. जीसीसी हा कंपायलर एकाच मजकुरातून सीपीयू आणि जीपीयूसाठी स्वतंत्रपणे कोड तयार करतो. इकडचं व्हेरिएबल तिकडे कुठं आहे, हे दोन तक्त्यांतल्या क्रमांकावरून जुळवलं जातं. एका बाजूच्या कंपायलरनं 'हे कुठं वापरलंच नाही' म्हणून एक नोंद उडवली, तर रांगेतला माणूस मधूनच निघून गेल्यासारखं होतं: मागच्या सगळ्यांचे नंबर सरकतात. जीसीसीची लायब्ररी कोड चढवताना दोन्हीकडची संख्या ताडून पाहते आणि जुळली नाही तर थांबते. ती वेळ येऊ नये म्हणून अशी व्हेरिएबलं काढता येणार नाहीत, अशी खूणच कंपायलर करून ठेवतो. एरवी निरुपयोगी ते फेकणारा ऑप्टिमायझर इथं कचराही सांभाळतो.

एएमडीच्या एमआय३००ए चिपमध्ये सीपीयू आणि जीपीयू एकाच मेमरीवर चालतात. नोव्हेंबर २०२४च्या महासंगणकांच्या टॉप ५०० यादीत पहिला आलेला अमेरिकेतला 'एल कॅपिटन' याच चिपवर उभा आहे. तिथं याद्यांची ने-आण टाळता येते. 'न' मात्र तिथंही किंमत म्हणूनच पाठवलेला बरा, कारण पत्ता एकच असला तरी त्यावर कोण लिहील हा कंपायलरचा संशय तसाच राहतो.