पंधरवड्याला ४८ तास

बारामतीकडच्या आमच्या सांगवीत शनिवार-रविवार असा वेगळा प्रकार नसतो. बारामतीचा बाजार गुरुवारी. कारखाना एकदा सुरू झाला की उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर. आणि पाटाला पाणी सुटलं की ते रात्री दोनला येवो नाहीतर ऐन सणाला, दारं धरायला जावंच लागतं. शाळेला रविवारी सुट्टी असायची, पण ती शेतातल्या कामासाठीच दिलेली असते याबद्दल आमच्या घरात कुणाला शंका नव्हती. मेलबर्नला मास्टर्स करायला गेलो तेव्हा सोमवारी वर्गात जो तो ‘विकेंड कसा गेला?’ असं विचारायचा. मी नुसता हसायचो.

कारण पहिलं वर्षभर माझा विकेंड एका गोडाऊनमध्ये जायचा. मी पोहोचलो २०२२च्या जुलैत. कोविडमध्ये बंद केलेल्या सीमा विद्यार्थ्यांसाठी २०२१च्या डिसेंबरात उघडल्या होत्या, पण देशात काम करणाऱ्या हातांची टंचाई होती. हॉटेलं, गोडाऊनं, वृद्धांची देखभाल करणारी केंद्रं, सगळीकडे ‘माणसं पाहिजेत’च्या पाट्या. म्हणून सरकारनं २०२२च्या जानेवारीपासून विद्यार्थ्यांच्या कामाच्या तासांवरची मर्यादाच तात्पुरती उठवली. आधी पंधरवड्याला ४० तास होते, आता हवे तेवढे करा. डोक्यावर शैक्षणिक कर्ज, दर आठवड्याचं घरभाडं आणि वरून ‘हवे तेवढे करा’ म्हणणारा कायदा. शिवाय शनिवारी तासाचा दर जास्त, रविवारी त्याहून जास्त. अशा वेळी शिफ्ट सोडून समुद्र बघायला जाणारा आमच्या घरात तरी कुणी नव्हता. घरात म्हणजे भाड्याच्या घरात. मी, इंदापूर तालुक्यातला एक, नांदेडचा एक आणि हैदराबादचा एक. बाहेर जायचं म्हटलं की तिकिटाचे पैसे वेगळे आणि बुडालेल्या शिफ्टचे वेगळे, असा दुहेरी खर्च आधी डोळ्यांपुढे यायचा. मग बेत ‘पुढच्या आठवड्यात बघू’वर जायचा.

गावाकडे समज उलटा होता. कामावर जाताना ट्रामच्या खिडकीतून काढलेला एखादा फोटो स्टेटसला ठेवला की संध्याकाळी फोन यायचा, ‘मजा हाय बाबा तुमची!’ मी खोडून काढत नसे. गोडाऊनचा फोटो ठेवून घरच्यांना घोर लावण्यापेक्षा ते बरं.

पुढच्या वर्षी हे बदललं, आणि ते आमच्या मनात आलं म्हणून नव्हे. सरकारच्या दोन निर्णयांमुळे. दोन्ही घेताना माझ्यासारख्याच्या सहलींचा विचार कुणी केला असण्याची सुतराम शक्यता नाही.

पहिला व्हिक्टोरिया राज्याचा. शहरातल्या माणसाला दिवसभर ट्रेन-ट्राममधून फिरायला जेवढे पैसे पडतात तेवढेच खेड्यातल्या माणसाला राज्यात कुठेही जायला पडावेत, असं आश्वासन २०२२च्या निवडणुकीत दिलं गेलं होतं. ३१ मार्च २०२३पासून ते अमलात आलं. तेव्हा दिवसभराचं तिकीट कमाल ९ डॉलर २० सेंट होतं, शनिवार-रविवारी त्याहूनही कमी. यात लांब पल्ल्याच्या गाड्या आल्या आणि त्यांना जोडलेल्या बसही आल्या. स्वारगेटहून बारामतीला यायच्या पैशात नागपूर गाठावं, असा हा प्रकार.

दुसरा निर्णय केंद्र सरकारचा. १ जुलै २०२३पासून विद्यार्थ्यांच्या कामावर पुन्हा मर्यादा आली, पंधरवड्याला ४८ तास. त्याच दिवसापासून किमान वेतन तासाला २३ डॉलर २३ सेंट झालं, पण ते आमच्या लक्षातही आलं नाही. आम्ही तासांचा हिशोब करत चिडून बसलो होतो. मर्यादा मोडली तर व्हिसा रद्द होऊ शकतो, त्यामुळे पळवाट शोधायची हिंमत नव्हती. आठवड्यातल्या संध्याकाळच्या शिफ्टमध्येच बहुतेक तास संपायचे. शनिवार उजाडायचा आणि कामाला जाताच यायचं नाही. आमची कमाई कापणाऱ्या कायद्यानं आम्हाला आयुष्यातली पहिली साप्ताहिक सुट्टी दिली, आणि ती घालवायला स्वस्त तिकीट तीन महिने आधीच तयार होतं.

सगळे जिथे जातात तिथे आधी गेलो. चौघांनी पैसे काढून भाड्यानं गाडी घेतली आणि ग्रेट ओशन रोड केला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यानं हा रस्ता फोडला, आपल्या मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. स्मारकासाठी पुतळा न उभारता रस्ता करावा, हे मला फार पटलं. पुढे ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ नावाचे चुनखडीचे सुळके समुद्रात उभे आहेत. ते बारा कधीच नव्हते. त्यातला एक २००५मध्ये कोसळला. जवळच्या ‘लंडन ब्रिज’ नावाच्या कमानीचा किनाऱ्याकडचा भाग १९९०च्या जानेवारीत पडला तेव्हा टोकावर दोन पर्यटक अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. रस्ता सुंदर आहे, तक्रार नाही. पण तिथे जे पाहिलं ते सगळं मोबाइलवर आधीच पाहिलेलं होतं. फिलिप आयलंडचे पेंग्विन, ग्रॅम्पियन्सचे डोंगर यांचंही थोडंफार तसंच.

पफिंग बिली ही वाफेच्या इंजिनाची गाडी मात्र वेगळी निघाली. मेलबर्नच्या पूर्वेला डँडेनाँगच्या डोंगरात बेलग्रेव्ह स्टेशनापासून ती सुटते. लोक डब्याच्या कठड्यावर बसून पाय बाहेर सोडतात. तिचं तिकीट आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं, म्हणून जवळच्या लाकडी पुलाखाली जाऊन उभे राहिलो. तिथून फुकट दिसते. शिट्टी, मग झाडांतून धूर, मग खडखडाट, आणि डब्यातली पोरं आपल्याला हात करतात. व्हिडिओ घरी पाठवला. आण्णांनी तो तीनदा बघितला म्हणे, आणि फोन करून म्हणाले, ‘आरं, ही तर आपली दौंडची गाडी!’

त्यांचं बरोबर होतं. दौंड-बारामती मार्ग ब्रॉडगेज व्हायच्या आधी नॅरोगेज होता, अडीच फुटी. पफिंग बिलीचे रूळही अडीच फुटी. कुर्डुवाडीकडची बार्शी लाइट रेल्वे १८९७ची, पफिंग बिलीचा मार्ग १९००चा. त्या काळात डोंगराळ किंवा कमी वाहतुकीच्या भागात कमी खर्चात रेल्वे न्यायची तर हे माप सोयीचं, म्हणून ते जगभर वापरलं गेलं. फरक पुढच्या गोष्टीत आहे. १९५३मध्ये दरड कोसळून पफिंग बिली बंद पडली, तेव्हा लोकांनी संस्था काढली, सुट्टीच्या दिवशी येऊन रूळ साफ केले आणि १९६२मध्ये गाडी परत सुरू केली. आजही तिथले बरेच गार्ड आणि तिकीट तपासणारे पगार न घेणारे स्वयंसेवक आहेत. विकेंडला ते रेल्वे चालवायला येतात. आपली गाडी गेली याचं मला दुःख नाही. ब्रॉडगेज हवीच होती. तरी एखादं इंजिन, चार डबे आणि दोन-चार किलोमीटर रूळ कुणीतरी राखायला हवे होते असं वाटतं.

त्यानंतर मी किनाऱ्याकडे पाठ फिरवली आणि उत्तरेला, मरे नदीकडे जायला लागलो. घरातले बाकीचे येत नसत. ‘तिकडे काय आहे?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. तिकडे नदी, कालवे आणि शेतं. म्हणजे जे सोडून आलो तेच.

एचुका हे मरेच्या काठावरचं जुनं बंदर. पूल ओलांडला की न्यू साउथ वेल्स राज्य. आमच्याकडे फलटणला जाताना नीरेवरचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो, तसं. पण नीरेत हद्द कुठे, याचा विचार आम्ही कधी केला नाही. इथे तो दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच करून ठेवलेला आहे. हद्द नदीच्या मधोमध नाही, दक्षिण काठाच्या वरच्या कडेवर आहे. म्हणजे पाणी सगळं न्यू साउथ वेल्सचं. व्हिक्टोरियाच्या काठावर बसून गळ टाकायचा तरी मासेमारीचा परवाना पलीकडच्या राज्याचा लागतो. काठावर खुर्ची टाकून बसलेल्या एका माणसानं मला हे अभिमानानं सांगितलं आणि खिशातून परवाना काढून दाखवला.

मिल्डुरा त्याहून पुष्कळ लांब, मेलबर्नपासून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. स्वॉन हिलपर्यंत रेल्वे, पुढे बस. जायचा सगळा दिवस खिडकीत. गहू कापून गेलेली सपाट, पिवळी रानं तासन् तास सरकत राहतात, आणि मग एकदम हिरवं सुरू होतं. वर्षाला ३०० मिलिमीटरही पाऊस नसलेल्या जागी द्राक्षं आणि संत्री. २०२४च्या फेब्रुवारीअखेरीस गेलो तेव्हा तोड चालू होती. हॉस्टेल फ्रान्स, तैवान अशा ठिकठिकाणच्या पोरांनी भरलेलं. वर्किंग हॉलिडे व्हिसा आणखी वर्षभर मिळवायचा तर ठरावीक भागात ८८ दिवस शेतात वगैरे काम करावं लागतं, ते दिवस भरायला आलेली.

गावाची गोष्ट अशी. १८८५मध्ये आल्फ्रेड डीकिन नावाचा व्हिक्टोरियाचा तरुण मंत्री ओलीत शेती बघायला अमेरिकेत गेला. तिथे त्याला जॉर्ज आणि विल्यम हे चाफी बंधू भेटले, आणि १८८७मध्ये त्यांनी मरेकाठी मिल्डुरा वसवायला घेतलं. जॉर्जनं बेतलेले वाफेचे पंप १८९१मध्ये बसवले गेले. सायकी बेंड इथलं ते पंपघर अजून उभं आहे. १८९५मध्ये कंपनी बुडाली. जॉर्ज अमेरिकेला परतला, विल्यम तिथेच राहिला. डीकिन पुढे देशाचा पंतप्रधान झाला आणि मिल्डुराचा मुख्य रस्ता त्याच्या नावाचा आहे. हे वाचत असताना समजलं की हाच डीकिन १८९० अखेरीला कालवे बघायला हिंदुस्थानातही आला होता आणि त्यानं ‘इरिगेटेड इंडिया’ नावाचं पुस्तक लिहिलं, जे १८९३मध्ये निघालं. आमचा नीरा डावा कालवा १८८५चा. म्हणजे सांगवीचं बागायत आणि मिल्डुराचं बागायत एकाच पिढीचं. आमच्या कालव्याचं पाणी सगळं उसाकडे जाऊ नये, ते जास्त गावांना वाटून मिळावं म्हणून विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. ऊस त्याला पुरून उरला, हे आमच्या शिवारात उभं राहिलं की दिसतंच.

हॉस्टेलवाल्याच्या ओळखीनं एका बागेत गेलो. मालक सत्तरीचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला. बेदाण्याच्या रॅकजवळ घेऊन गेला. वर पत्रा, खाली तारेच्या जाळीचे एकावर एक मजले, त्यावर पसरलेले घड. वास आला आणि मी ओळखला. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट. तासगावला बेदाण्याच्या शेडमध्ये हाच वास असतो, कारण ती पद्धतच ऑस्ट्रेलियन. त्यांची ‘सुल्ताना’ म्हणजे आपली थॉमसन. काही बागांत तर घड तोडतही नाहीत. काड्या कापून ठेवतात, तारेवरच द्राक्ष सुकतं आणि मग यंत्र झोडून नेतं.

मामांची बाग बोरीला. त्यांना तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी आधी ओलांडा बघितला, मग काडीची जाडी, मग विचारलं, ‘छाटणी कवा करत्यात?’

‘हिवाळ्यात. एकदाच.’

‘एकदाच? आन् खरड छाटणी?’

थंडीत पानं गळून वेल चक्क झोपते, त्यामुळे एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्यांची गरजच नाही, हे ऐकून मामा थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘निम्मी मजुरी वाचली की रं.’

आण्णांचा प्रश्न पाण्याचा. त्या म्हाताऱ्यानं मोबाइलवर दाखवलेलं मी त्यांना समजावून सांगितलं. व्हिक्टोरियात २००७पासून पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा केलाय. यंदा किती पाणी मिळणार ते हंगामात जाहीर होतं, आणि नको असेल तर आपल्या वाट्याचं पाणी बाजारभावानं विकता येतं. दुष्काळी वर्षात काही जण बाग वाळू देतात आणि पाणी विकून वर्ष काढतात.

‘पानी इकत्यात?’ आण्णा म्हणाले. ‘आन् पाटकरी काय करतो मग?’

पाटकरी नाहीच, दार मोबाइलवरून उघडतं, असं सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. सात नंबरचा अर्ज भरून पाळीची वाट बघण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला हे पटणं अवघडच. मात्र पाणी विकून मोकळं होण्यावर त्यांचं मत तिथल्या तिथे तयार झालं. ‘पहिली पाच वर्सं चांगली जातील,’ ते म्हणाले, ‘मग समदं पानी एकाच्याच घरात.’ मी म्हाताऱ्याला ते इंग्रजीत सांगितलं. तो हसला नाही. शेती न करणाऱ्या कंपन्याही आता पाणी धरून बसतात, एवढंच म्हणाला.

हल्ली सांगवी-माळेगावकडची पोरं ऑस्ट्रेलियाचं विचारायला येतात. माझ्या वेळी व्हिसाची फी हजार डॉलरच्या आत होती. २०२४च्या जुलैत ती ७१० डॉलरवरून एकदम १,६०० झाली आणि वर्षभरात २,०००. वर्षाच्या खर्चाएवढी २९,७१० डॉलरची शिल्लक दाखवावी लागते, ती वेगळी. कामाचे तास ४८च आहेत. हे ऐकून त्यातला एखादा ‘मग परवडतं का?’ असं विचारतो, आणि त्याचं उत्तर त्याच्या घरचा सातबारा आणि कर्ज बघितल्याशिवाय मी देत नाही. जायचं पक्कं झालेल्यांना एवढं सांगतो: ग्रेट ओशन रोड तुम्ही न सांगता करालच. फेब्रुवारीअखेर मिल्डुराला जा. स्वॉन हिलच्या गाडीची जागा आधी राखून ठेवा, आणि हॉस्टेलला फोन केल्याशिवाय निघू नका. तोडीच्या दिवसांत तिथे खाट मिळत नाही.