नळी बसवल्यानंतरचे शिक्षण

मराठवाड्यात ‘घाटी’ या नावाने ओळखले जाणारे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय १९५६ साली सुरू झाले, आणि २०१२ मध्ये शहरात शासकीय कर्करोग रुग्णालयाची भर पडल्यावर जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडील रुग्णांना केमोथेरपीची सोय त्यातल्या त्यात जवळ झाली. हा उपचार महिनोन्‌महिने चालतो. डॉक्सोरुबिसिन किंवा व्हिन्क्रिस्टीनसारखे औषध शिरेबाहेर झिरपले, तर भोवतालची त्वचा व मांस मरते. म्हणून रक्तवाहिनीत नळी बसवणे आणि ती राखणे हा परिचर्याशिक्षणाचा अत्यंत जबाबदारीचा भाग ठरतो.

शिक्षणाचा आरंभ वॉर्डात ‘इंट्राकॅथ’ म्हणतात त्या लहान नळीपासून, कृत्रिम हातावर होतो. नळीचा क्रमांक जितका मोठा तितकी ती बारीक असते: १८ क्रमांकाची हिरवी, २० ची गुलाबी, २२ ची निळी आणि बालकांसाठी बहुधा २४ ची पिवळी. शीर डोळ्यांनी नव्हे तर बोटाने शोधावी, कारण ठळक दिसणारी शीर कडक झालेली असू शकते आणि न दिसणारी बोटाखाली लवचिक लागते, सांधा टाळावा, मागच्या कप्प्यात रक्त दिसताच सुईचा कोन कमी करून नळी पुढे सरकवावी, आणि एकदा मागे घेतलेली सुई पुन्हा नळीत घालू नये, कारण तिच्या धारेने नळीचा तुकडा कापला जाऊन रक्तप्रवाहात जाऊ शकतो.

दीर्घ उपचारासाठी ‘पिक लाइन’ वापरतात. दंडाच्या आतल्या बाजूच्या शिरेतून सोनोग्राफीच्या साहाय्याने घातलेली ही लांब नळी हृदयालगतच्या मोठ्या शिरेपर्यंत पोहोचते, आणि टोक योग्य जागी असल्याची खात्री बहुधा एक्स-रेने करतात. ती बसवण्याचे कौशल्य साहजिकच कौतुकाचे मानले जाते. परंतु बसवणे तासाभराचे आणि राखणे महिन्यांचे असते, आणि बहुतेक जंतुसंसर्ग व अडथळे या राखण्याच्या काळातच उद्भवतात.

म्हणूनच प्रशिक्षणाचा मोठा वाटा साध्या दिसणाऱ्या कृतींना मिळायला हवा. नळीचे तोंड प्रत्येक वापराआधी स्पिरिटच्या बोळ्याने सुमारे १५ सेकंद घासावे. सलाईनने ती धुताना १० मिलीची सिरिंज घ्यावी, कारण लहान सिरिंजमध्ये दाब अधिक निर्माण होऊन नळी फुटू शकते. द्रव एका दमात न ढकलता थांबत थांबत सोडावा, म्हणजे आतल्या भिंतीला चिकटलेले कण सुटतात. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी बदलावे, पण ते ओले किंवा सैल झाले तर लगेच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामाने ड्रेसिंग सुटते, तेव्हा कॅलेंडरपेक्षा रोजची पाहणी महत्त्वाची. त्वचेबाहेरील लांबी दर ड्रेसिंगला मोजून नोंदवावी. ती वाढली असेल, तर आतले टोक सरकले आहे असे समजावे. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधू नये, हेही रुग्णाला आणि नातेवाइकांना सांगावे.

केमोथेरपीच्या दोन चक्रांच्या मधल्या काळात रुग्ण दंडातील नळीसह गावी परततो, आणि बीड किंवा हिंगोलीच्या ग्रामीण रुग्णालयातील सिस्टरने अशी नळी कदाचित पाहिलेलीही नसते. शहरातील प्रशिक्षण वर्गांमध्ये या परिचारिकांसाठी जागा राखून ठेवाव्यात, आणि प्रत्येक रुग्णासोबत नळीची लांबी, बसवल्याची तारीख व धुण्याची रीत लिहिलेले मराठी कार्ड द्यावे.