प्लगचा रंग काय सांगतो?

ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात एखाद्या जुन्या घराच्या दाराशी अजूनही चेतक स्कूटर उभी आढळते. बजाज कंपनीने १९७२ साली ही गाडी काढली आणि तिला राणा प्रतापांच्या अश्वाचे नाव दिले. नोंदणीनंतर वर्षानुवर्षे वाट पाहावी, तेव्हा ती घरी यावयाची. म्हणून ती नुसते वाहन न राहता घरातील एक माणूसच होऊन बसली. २०२० साली त्याच नावाची विजेवर चालणारी गाडी आली. तिला प्लगच नाही. जुनीचे रुसवेफुगवे मात्र बहुधा प्लगपाशीच येऊन थांबतात. ‘प्लग में कचरा आ गया’ हे आपल्याकडील मिस्त्रींचे ठरलेले निदान. प्लग पुसला जातो, गाडी सुरू होते आणि आठ दिवसांनी पुन्हा अडते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातलाच हा प्रकार!

वस्तुतः प्लग हा गुन्हेगार नसून साक्षीदार आहे. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते व त्याच्यासह जळते. जे पुरते जळत नाही त्याची काजळी प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बसते. काजळीतून वीज वाहू शकते. त्यामुळे टोकाशी ठिणगी पडण्याऐवजी वीज काजळीवरूनच निसटून जाते. प्लगचे टोक सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, तर ही काजळी आपोआप जळून जाते. बाजारातील गर्दीत, कमी वेगाने, घर ते दुकान एवढीच फेरी करणाऱ्या गाडीचा प्लग तितका तापतच नाही. अशी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर चांगली दोन-चार मैल चालवावी.

इंजिन निवाल्यावर प्लग काढून त्याचे मुख पाहावे. बिस्किटासारखा तपकिरी रंग हे आरोग्याचे लक्षण होय. कोरडी, मखमली काजळी असेल तर पेट्रोल जास्त व हवा कमी मिळत आहे. एअर फिल्टर तुंबला आहे का, चोक ओढलेला राहतो का, ते पाहावे. मुख तेलकट व ओले असेल तर तेलाचे प्रमाण वाढले आहे, किंवा ठिणगीच दुबळी आहे. नुसत्या पेट्रोलने भिजले असेल तर कार्ब्युरेटरची सुई गळत असण्याचा संभव असतो. गाडी उभी करताना पेट्रोलची चावी बंद करण्याची वडीलधाऱ्यांची सवय याचसाठी होती. पांढरेफटक मुख मात्र धोक्याचे: इंजिन फाजील तापत आहे.

स्वच्छतेसाठी पितळी ब्रश व थोडे पेट्रोल पुरे. प्लग पूर्ण वाळू द्यावा आणि दोन टोकांमधील फट ०.६ मिलिमीटर आहे ना, ते फीलर गेजने तपासावे. बसविताना आटे प्रथम हातानेच फिरवावेत, कारण सिलिंडरचे डोके ॲल्युमिनियमचे असते. पान्याचा जोर लावून आटे गेले की खर्च वाढलाच म्हणून समजावे. चिनी मातीला तडा गेला असल्यास प्लग बदलणेच बरे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे वाटते. प्लग काळा होतो म्हणून काही जण तेलच कमी घालतात. चेतकसाठी दर लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, म्हणजे दोन टक्के, हे प्रमाण आहे. त्यात काटकसर केल्यास प्लग उजळ दिसेल, पण पिस्टन सिलिंडरमध्ये आवळून बसेल. भर वेगात असे झाले तर मागील चाक जागीच अडकते आणि मागे बसलेल्या जिवालाही अपघात घडतो. तेव्हा तेल अंदाजाने न ओतता मापानेच घालावे.

होडीला मागे लावण्याच्या जुन्या टू-स्ट्रोक यंत्राचेही शास्त्र हेच. तेलाचे प्रमाण तेवढे त्याच्या पुस्तिकेप्रमाणे घ्यावे. जाळे टाकताना ते बराच वेळ मंद गतीने चालते आणि प्लग काजळतो. रस्त्यावर गाडी ढकलत नेता येते, भर पाण्यात ती सोय नाही. म्हणून दोघांनीही एक कोरडा प्लग आणि एक पाना जवळ बाळगावा, व काळा झालेला प्लग फेकण्यापूर्वी त्याची साक्ष नीट ऐकून घ्यावी.