सेंड दाबण्याआधी लाइनवर कोण आहे ते बघा

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा जे हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेले "म्हणजे ना", "तर मग" थोडे कापलेत, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा भाग लावणार हे मला माहीत आहे. विषय आहे, शाळेत पोरांना कॉम्प्युटरचा जबाबदार वापर कसा शिकवायचा. थांबा जरा, पाच मिनिटं द्या.

मी मूळचा ऊर्जानगरचा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. बाबा प्लांटमध्ये, आम्ही क्वार्टरमध्ये. सध्या मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. मध्ये सुट्टीत घरी गेलो तेव्हा ओळखीच्या एका सरांनी त्यांच्या शाळेत बोलावलं. म्हणाले, "आठवी-नववीच्या पोरांशी जरा बोल. मोबाइल, कॉम्प्युटर नीट कसा वापरायचा ते सांग." मी तीस स्लाइड बनवल्या. कलमं, दंड, शिक्षा, सगळं टाकलं.

पाचव्या स्लाइडला एका मुलीने हात वर केला. "दादा, कुणाचं अकाउंट उघडं राहिलं आणि आपण त्यात गंमत म्हणून काही लिहिलं, तर ते चुकीचं आहे का? आपण त्याचा पासवर्ड तर चोरला नाही न?"

मी गप्प झालो. कारण हेच मी केलं होतं.

लॅबमधली गंमत

२०१२ ची गोष्ट. मी नववीत होतो. लॅबमध्ये दहा कॉम्प्युटर, एकेका कॉम्प्युटरवर तिघं. दारावर नियम लिहिलेले: चपला बाहेर काढा, पेन ड्राइव्ह लावू नका, वायर ओढू नका. एक दिवस वर्गातला एक पोरगा फेसबुक लॉगआउट न करता उठला. आम्ही दोघांनी त्याच्या नावाने वर्गातल्या एका मुलीबद्दल एक ओळ टाकली. दोन मिनिटांचं काम. पोट भरून हसलो.

संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं. त्याचे बाबा आणि तिचे बाबा एकाच शिफ्टला. तो सांगत राहिला की मी लिहिलं नाही, पण नाव त्याचंच दिसत होतं. "काहून बे, तुह्याच अकाउंटवरून गेलं न?" असं जो तो त्याला म्हणायचा. तो आठवडाभर शाळेत आला नाही. मी काहीच बोललो नाही. आणि त्या मुलीला काय वाटलं, हे तर आमच्यापैकी कुणी विचारलंही नाही.

यावर उपाय काय झाला? लॅबमधलं फेसबुक ब्लॉक केलं. विषय संपला. आज विचार करतो तेव्हा वाटतं, दारावरचे सगळे नियम यंत्र सांभाळायचे होते. माणूस सांभाळायचा एकही नव्हता.

परमिट म्हणजे काय

प्लांटवाल्यांच्या घरात "परमिट" हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. एखादी मोटर किंवा लाइन दुरुस्तीला घ्यायची असेल, तर आधी सप्लाय बंद करतात, अर्थिंग करतात, स्विचवर "माणसं काम करत आहेत, चालू करू नका" अशी पाटी लावतात आणि कागदावर सही होते. काम करणारा माणूस परमिट परत करत नाही तोवर स्विच टाकायचा नाही. घाई असली तरी नाही, साहेब म्हणाले तरी नाही.

एवढं सगळं कशाला? कारण स्विच टाकणाऱ्याला दुसऱ्या टोकाचा माणूस दिसत नसतो. दिसला असता तर कुणी स्विच टाकला नसता.

सेंड, पोस्ट, फॉरवर्ड ही बटणं तशीच आहेत. बोट इथे, माणूस तिथे. समोरासमोर आपण जे बोलणार नाही ते स्क्रीनवर सहज लिहितो, कारण त्याचा चेहरा दिसत नाही. माझ्या मते शाळेने शिकवायचं ते एवढंच: बटण दाबण्याआधी लाइनवर कोण आहे ते बघायची सवय. कलमं त्यानंतर.

आता शिकवतात कधी? अकरावीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकात सायबर कायद्यावर धडा आहे. चांगली गोष्ट आहे, पण तो विषय ऐच्छिक, आणि अकरावीपर्यंत पोराच्या हातात मोबाइल येऊन बरीच वर्षं झालेली असतात. सीबीएसईने २०२० मध्ये सायबर सुरक्षेची पुस्तिका काढली, तीही नववी ते बारावीसाठी. लॉकडाउनमध्ये तर पाचवीतल्या पोरांचा वर्गच मोबाइलवर भरला.

म्हणून मी त्या दिवशी स्लाइड बंद केल्या आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिले.

पहिला प्रश्न: हे खरं आहे का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या नावाने एक व्हिडिओ देशभर फिरला. वन विश्रामगृहासमोर बसलेल्या माणसाला वाघ ओढून नेतो, अगदी सीसीटीव्हीसारखं चित्रण. तो एआयने बनवलेला होता. असं काही घडलंच नाही, हे अधिकाऱ्यांना जाहीर करावं लागलं.

मुंबईच्या माणसासाठी ती करमणूक. ऊर्जानगरसाठी नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराचा जीव गेला आणि पाठोपाठ शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला मारलं. आपल्याकडे "वाघ दिसला" हा मेसेज जीव वाचवणारा असतो. खोटे दहा आले की खरा अकरावा कुणी वाचत नाही. खोट्या फॉरवर्डचं सगळ्यात मोठं नुकसान हेच, की खऱ्या इशाऱ्याची किंमत जाते.

आणि कधी कधी थेट जीव जातो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा तेव्हा व्हॉट्सअॅपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. म्हणजे कंपनीने बटण थोडं जड केलं. दाबायचं की नाही हे ठरवणारं डोकं मात्र आपलंच.

हे शाळेत शिकवता येतं का? येतं. केरळच्या कन्नूर जिल्ह्यात लसीबद्दलच्या अफवांचा त्रास झाल्यावर २०१८ मध्ये जिल्हा प्रशासनाने सुमारे १५० सरकारी शाळांमध्ये खोटी बातमी ओळखायचे वर्ग घेतले. सवय साधी असते: पहिल्यांदा कुणी टाकलं, कधीचं आहे, दुसरीकडे कुठे बातमी आहे का. उत्तर सापडलं नाही, तर फॉरवर्ड नाही.

दुसरा प्रश्न: हे कुणाचं आहे?

इथे त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तुम्ही लॉगइन करता तेव्हा सर्व्हर तुमच्या ब्राउझरला एक टोकन देतो. त्यानंतर सर्व्हर टोकन ओळखतो, खुर्चीवर कोण बसलंय ते त्याला कळत नाही. त्या टोकनवरून जे जाईल ते नोंदीत त्या अकाउंटच्या नावावर चढतं. म्हणजे उघड्या अकाउंटवरून लिहिणं म्हणजे दुसऱ्याची सही करणं. दार उघडं होतं म्हणून घर आपलं होत नाही. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख फसवून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

"कुणाचं" हा प्रश्न प्रोजेक्टलाही लागतो. पोरांनी विचारलं, "नेटवरून कॉपी केलं तर?" मी म्हटलं, मी ऑफिसात रोज दुसऱ्यांचा कोड वापरतो. पण आधी त्याचं लायसन्स वाचतो. एमआयटी लायसन्ससारख्या सोप्या लायसन्सचीही अट असते की मूळ लेखकाची कॉपीराइट सूचना काढायची नाही. कोड फुकट असतो, पण नाव पुसायची परवानगी नसते. प्रोजेक्टमध्येही तसंच. कुठून घेतलं ते लिहा. एआयकडून लिहून घेतलं असेल तर तेही लिहा, आणि निदान समजून घ्या, कारण परीक्षेत एआय बाजूच्या बाकावर बसणार नाहीये.

तिसरा प्रश्न: हे परत घेता येईल का?

"डिलीट फॉर एव्हरीवन" वर पोरांचा फार विश्वास आहे. मी विचारलं, स्क्रीनशॉट काढून झाला असेल तर? सगळे शांत. डिलीट केल्यावर एक प्रत जाते. गॅलरीतली, बॅकअपमधली, तिसऱ्याला गेलेली प्रत तिथेच राहते.

म्हणून फोटोच्या बाबतीत नियम कडक हवा: ज्याचा फोटो, त्याला विचारा. वर्गात झोपलेल्या मित्राचा असला तरी. आणि अठराच्या आतल्या कुणाचा अश्लील फोटो किंवा व्हिडिओ आला, तर तो दाखवायलासुद्धा पुढे पाठवायचा नाही. बनवणं, पाठवणं, साठवणं, सगळं कलम ६७ बी खाली येतं. सरळ मोठ्या माणसाला सांगा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. पैशांची फसवणूक झाली तर १९३०, आणि मुलांसाठी १०९८. हे दोन नंबर आत्ताच सेव्ह करा.

पण घाबरवून नाही

एक गोष्ट सरांनाही सांगितली. जबाबदार म्हणजे गप्प नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका पोस्टमुळे आणि तिला दिलेल्या लाइकमुळे अटक झाली होती. त्यातून कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल सुप्रीम कोर्टात गेली, आणि २४ मार्च २०१५ ला कोर्टाने कलम ६६ ए रद्द केलं. ऑनलाइन मत मांडणं हा हक्क आहे. पोरांना फक्त "हे करू नका" शिकवलं, तर ती प्रश्न विचारायचीही भीती धरतात.

आणि सगळ्यात मोठी भीती वेगळीच असते. मी विचारलं, "कुणी त्रास दिला तर घरी सांगता का?" मागून एक पोट्टा म्हणाला, "सांगितलं तर मोबाइलच काढून घेतात न बा." सगळा वर्ग हसला, पण खरं तेच होतं. ज्या दिवशी शाळा आणि घर "सांग, मोबाइल काढून घेणार नाही" असं म्हणेल आणि पाळेल, त्या दिवशी अर्धं काम होईल.

शिक्षक ऐकत असतील तर एवढंच करा. दर लॅब तासाची शेवटची पाच मिनिटं ठेवा. आठवड्यातला एक फॉरवर्ड घ्या, तीन प्रश्न लावा. उठताना बाजूच्याचं लॉगआउट झालंय का ते बघायची पद्धत पाडा. आणि लॅबच्या दारावरचे नियम यंदा पोरांनाच लिहू द्या.

त्या संध्याकाळी मी त्या मित्राला फोन केला. सांगितलं, ती ओळ मी टाकली होती. माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटायचं हे आता फक्त मलाच आठवतं." त्या मुलीचा नंबर माझ्याकडे नाही. तिची माफी अजून बाकी आहे.

तुम्हीही कधी असं बटण दाबलं असेल, तर एक फोन करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!